वर्गखोल्या मोजल्यात, आता वॉर्डही पाहा

प्रति,
राज्यातल्या सहयोगी आरोग्य अभ्यासक्रमांच्या संस्थांना मान्यता देणारे अधिकारी, परिषदांचे आणि मंडळांचे सदस्य, आणि तपासणी समित्यांवर येणारे प्राध्यापक

सप्रेम नमस्कार.

मी कळव्यात राहते. निवृत्त डायलिसिस तंत्रज्ञ आहे. रेडिओग्राफी, लॅब आणि ऑपरेशन थिएटरमध्ये आयुष्य घालवलेल्या काही सहकाऱ्यांबरोबर आम्ही ट्रस्ट नोंदवला आणि ऐरोलीत तंत्रज्ञ घडवणारी एक छोटी संस्था काढायची ठरवली. आमचा प्रस्ताव दाखल आहे. त्याची शिफारस करावी म्हणून हे पत्र लिहीत नाही. नियमात बसत नसेल तर तो जरूर नाकारा. पण या निमित्ताने मान्यतेची सगळी वाट चालून पाहिली. पेशंटच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे, त्याच गोष्टीकडे या वाटेवर सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, असं मला दिसलं. ते तुमच्यापर्यंत पोचवावं एवढ्यासाठी लिहिते आहे.

अटी सैल करा असं माझं म्हणणं मुळीच नाही. का नाही, ते माझ्याच विभागातलं सांगते.

डायलिसिसवर असलेल्या एका पेशंटच्या रक्ताच्या पलीकडून, पातळ पडद्याआडून, चार तासांत सुमारे 120 लिटर द्राव वाहतो. मिनिटाला 500 मिलिलिटर हा नेहमीचा वेग धरा, हिशेब तेवढाच येतो. आठवड्यात तीन डायलिसिस म्हणजे 360 लिटर, आणि हे जवळजवळ सगळं पाणीच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते पिणाऱ्याच्या भल्यासाठी. पण तेच क्लोरीन, त्यातही क्लोरामाइन, पडद्यातून रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात. म्हणून आरओ प्लांटमध्ये कार्बनच्या टाकीनंतरचं पाणी प्रत्येक शिफ्टच्या आधी तपासायचं असतं. एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर गेलेलं चालत नाही. चाचणी काही मिनिटांची आहे. पण सकाळची पहिली शिफ्ट असते, पेशंट बाहेर बाकावर ताटकळलेले असतात, मुलगा म्हणत असतो, "ताई, लवकर घ्या ना बाबांना, मला ड्युटीवर जायचंय." अशा वेळी ती चाचणी राहून जाते. ती राहू न देणं ही सवय लागावी लागते, आणि सवय पुस्तकातून लागत नाही. जाणता तंत्रज्ञ शेजारी उभा राहून महिनोन्‌महिने रोज करून घेतो, वहीत आकडा लिहून सही करायला लावतो, तेव्हा कुठे ती अंगवळणी पडते.

लॅबमध्येही तेच. रक्त घेताना जांभळ्या बुचाची नळी आधी भरली आणि तिच्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, पुढच्या नळीत गेलं, तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं येतं. रिपोर्ट व्यवस्थित छापून येतो, डॉक्टर त्यावर विश्वास ठेवून इंजेक्शन लिहितात. चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा कुणीही उठून दोन गाळ्यांत "टेक्निशियन व्हा" अशी पाटी लावू नये, हे आम्हालाही हवंच आहे. अशा पाट्यांनी काय होतं ते मी पाहिलं आहे. नोकरीत असताना शहापूरकडची एक मुलगी मुलाखतीला आली होती. लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, नीट इस्त्री केलेला ड्रेस, कसारा लोकलने पहाटे निघालेली. मी तिला एका पेशंटच्या हाताजवळ नेलं आणि म्हटलं, फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी हातात ऑपरेशनने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेव आणि थ्रिल लागते का सांग. थ्रिल म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. त्वचेखालची ती थरथर आहे की नाही हे पाहिल्याशिवाय सुई घालायची नसते. तिच्या संस्थेत डायलिसिसचं मशीन होतं, पण बंद. वर्षभर तिने बंद मशीनची बटणं पाठ केली होती. पुढे कळलं की त्या संस्थेला मान्यताच नव्हती, म्हणजे तिची नोंदणीही होणार नव्हती. मुलगी हुशार होती. तिला आम्ही घेऊ शकलो नाही. तिच्या घरच्यांनी फी कुठून उभी केली असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता आमच्या तपासणीबद्दल. आलेले सदस्य सभ्य होते, अभ्यासू होते, त्यांच्याबद्दल माझी व्यक्तिगत तक्रार नाही. त्यांनी टेप लावून वर्गखोल्या मोजल्या. ग्रंथालयातली पुस्तकं मोजली, अग्निशमन सिलिंडरवरची तारीख वाचली, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे ना हे पाहिलं. हे सगळं पाहायलाच हवं. मग फाइलमध्ये रुग्णालयाबरोबरच्या कराराचं पान आलं. शिक्का आहे, सही आहे, तारीख आहे. पान उलटलं. ते रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटांवर होतं. मी म्हटलंसुद्धा, "सर, तिथे जाऊन येऊ या का?" कार्यक्रमपत्रिकेत ते नव्हतं.

आमची मुलं जिथे खरं शिकणार, ती जागा कुणी पाहिलीच नाही. तिथे मशीन किती, शिफ्ट किती चालतात, शिकवू शकतील असे तंत्रज्ञ किती, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या कोणत्या संस्थांची मुलं तिथे आधीच उभी असतात, यातलं काहीही विचारलं गेलं नाही. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. करार करायला रुग्णालयाला काही पडत नाही. समजा एका युनिटमध्ये दहा मशीन आहेत आणि पाच संस्थांनी प्रत्येकी तीस मुलांसाठी तिथलाच करार जोडला आहे. पाचही फायली आपापल्या जागी बिनचूक असतील. प्रत्यक्षात दीडशे मुलं भिंतीला टेकून उभी राहतील आणि एकाही मुलाच्या हातात सुई येणार नाही. वेगवेगळ्या फायली वेगवेगळ्या टेबलांवर असल्यामुळे हे कुणाला दिसतच नाही.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे की संस्थांची नोंद ठेवता तशीच रुग्णालयांची ठेवा. ठाणे जिल्ह्यातलं अमुक रुग्णालय, त्यात डायलिसिसची मुलं एका वेळी इतकी, रेडिओग्राफीची इतकी, ओटीची इतकी. ही क्षमता तुमच्याच तज्ज्ञांनी ठरवावी आणि ती संकेतस्थळावर सगळ्यांना दिसावी. कोणत्या संस्थेने त्यातल्या किती जागा घेतल्या तेही दिसावं. जागा संपल्या की पुढचा करार ग्राह्य धरू नये. आम्ही ज्या रुग्णालयाचा करार जोडला आहे तिथली क्षमता संपलेली निघाली तर आमचा प्रस्ताव मागे ठेवा, आम्ही दुसरं रुग्णालय शोधू.

आणि समितीने तिथे जावं. शक्यतो सकाळी, कामाच्या वेळेला. लॉगबुक मागावं, एखाद्या तंत्रज्ञाला बाजूला घेऊन "तुम्ही शिकवणार का, त्यासाठी तुम्हाला वेळ दिलाय का" एवढं विचारावं.

कायद्याची दिशा याहून वेगळी नाही. केंद्राचा राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम 2021 मध्ये झाला. लॅबपासून फिजिओथेरपीपर्यंत, रेडिओलॉजीपासून आहारशास्त्रापर्यंत दहा गटांतले पन्नासहून अधिक व्यवसाय त्याने एका छताखाली आणले. सहयोगी आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायचं तर किमान 2000 तासांचं शिक्षण, तेही दोन ते चार वर्षांत विभागलेलं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सहा महिन्यांत तंत्रज्ञ बनवणाऱ्या जाहिरातींना तिथेच उत्तर आहे. नवी संस्था, नवा अभ्यासक्रम यासाठी राज्य परिषदेची पूर्वपरवानगी हीसुद्धा त्याच कायद्यातली तरतूद. अंमलबजावणी रखडली म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट 2024 मध्ये न्यायालयाने केंद्र व राज्यांना दोन महिन्यांत ती करायला सांगितलं. 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. आमच्या पिढीला कुणी धड ओळखही दिली नव्हती, आम्ही सगळे सरसकट "पॅरामेडिकल स्टाफ".

पण वरचा कायदा नवा आणि खालची व्यवस्था जुनी, यात मधला माणूस भरडला जातो. पदवी द्यायची तर नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि शासन. पदविका म्हटलं की कौशल्य मंडळाचं नाव निघतं. नोंदणीसाठी 2011 च्या अधिनियमाखालची परावैद्यक परिषद, आणि फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपीची परिषद त्याहून वेगळी. आता वर 2021 चा कायदा. कोणत्या अभ्यासक्रमासाठी आधी कुणाकडे जायचं, कुणाचं पत्र कुणाला लागतं, याचा एक साधा मराठी तक्ता मला कुठेही मिळाला नाही. एका कार्यालयात सांगितलं, आधी तिकडचं ना-हरकत आणा. तिकडे सांगितलं, इकडची मान्यता दिसल्याशिवाय आम्ही कसं देणार? दोन्ही टेबलांवरची माणसं आपापल्या नियमाने बरोबर होती. तुम्ही सगळे एकदा एका खोलीत बसलात तर हा तक्ता एका दुपारी तयार होईल.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो, पण बोलायला हवं. तपासणीच्या दिवशी जागा सज्ज पाहिजे. भोगवटा प्रमाणपत्र असलेली इमारत, नोंदणीकृत भाडेकरार, अग्निशमन दलाचा दाखला, बाकं, प्रयोगशाळा, उपकरणं, सगळं. म्हणजे एकही विद्यार्थी नसताना भाडं सुरू होतं. ऐरोली-घणसोलीतलं व्यावसायिक जागेचं भाडं काय असतं ते वेगळं सांगायला नको. त्रुटी पत्र आलं की आणखी काही महिने जातात. तेवढ्यात शैक्षणिक वर्ष निघून जातं, आणि एक वर्ष गेलं म्हणजे पुढच्या वर्षाचं भाडंही त्याच खिशातून. भविष्य निर्वाह निधीतून उभी केलेली संस्था हे फार काळ सोसू शकत नाही. ज्यांच्याकडे आधीच इमारती आहेत ते टिकतात. आणखी एक प्रकार टिकतो, जो तपासणीच्या दिवसापुरती यंत्रं आणि शिक्षक दोन्ही भाड्याने आणतो. चांगल्या हेतूचे छोटे लोक मात्र मधेच सोडून देतात.

यावर तोड आहे आणि ती आपल्याच राज्याच्या कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये नव्या महाविद्यालयाला आधी इरादापत्र मिळतं, त्यातल्या अटी पूर्ण केल्यावर अंतिम मान्यता. आमच्यासारख्या पदविका संस्थांनाही हीच पद्धत लावा. पहिल्या टप्प्यावर माणसं तपासा, रुग्णालय तपासा, पैशाचा हिशेब तपासा. ते पटलं तर इरादापत्र द्या आणि इमारतीला ठरावीक मुदत द्या. ते पटलं नाही तर तिथेच नाही म्हणा. नकार लवकर कळला तर माणूस निदान बुडत नाही.

त्रुटी एकदाच आणि सगळ्या एकत्र कळवा, हेही त्यातच आलं. आधी ट्रस्टच्या ठरावाची प्रत कमी पडली, ती दिल्यावर प्रतिज्ञापत्राचा मसुदा चुकीचा निघाला, तो बदलल्यावर चलन जुन्या दराचं ठरलं. तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी फाइलमध्ये दिसत होत्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 पासून आहे. अधिसूचित सेवा ठरल्या मुदतीत मिळाली नाही तर अपील करता येतं आणि जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडही होऊ शकतो. मला कुणाला दंड झालेला पाहायचा नाही. पण संस्थेचा प्रस्ताव तपासून उत्तर देणं ही सेवा म्हणून अधिसूचित झाली, तर फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस आहे हे आम्हाला विचारत फिरावं लागणार नाही.

यंत्रांच्या यादीबद्दल थोडं. छोट्या संस्थेने स्वतःचं चालू एक्स-रे मशीन ठेवावं असं मला वाटत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना, भिंतींची जाडी, किरणोत्सर्ग मोजणारे टीएलडी बॅज, हे सगळं ज्या रुग्णालयात रोज पेशंट येतात तिथेच नीट पाळलं जातं. तोच पैसा मुलांच्या बॅजवर, हिपॅटायटिस बीच्या लसीवर आणि शिकवणाऱ्या तंत्रज्ञाच्या मानधनावर खर्च व्हावा. यादी करताना हा फरक जरूर करा.

शिक्षकांच्या पात्रतेबद्दल मात्र माझा आग्रह आहे. आमच्यात एक सहकारी आहेत, एक्स-रेच्या खोलीत केस पांढरे झालेले. हाडाच्या दुखण्याने कळवळणाऱ्या म्हाताऱ्या बाईला न दुखवता कुशीवर कसं वळवायचं, रडणाऱ्या पोराचा छातीचा एक्स-रे एका फटक्यात कसा मिळवायचा, हे त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा मी पाहिला नाही. त्यांच्या काळात पदविकाच होती. पदव्युत्तर पदवी नाही म्हणून शिक्षकांच्या यादीत त्यांचं नाव धरलं गेलं नाही. भौतिकशास्त्र आणि शरीररचना शिकवायला पदवीधर हवेत, मान्य. पण वॉर्डातल्या शिक्षणासाठी अनुभवी तंत्रज्ञांना "क्लिनिकल प्रशिक्षक" म्हणून वेगळी मान्यता द्या. त्यांची परीक्षा घ्यायची असेल तर घ्या. येत्या काही वर्षांत ही पिढी निवृत्त होऊन घरी बसेल आणि हातातली विद्या बरोबर घेऊन जाईल.

शेवटचा मुद्दा आमच्या भागाचा आहे, आणि त्यात तुमच्याबरोबर ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि भिवंडीच्या महापालिकांनीही लक्ष घालावं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय 500 खाटांचं आहे आणि त्याला महापालिकेचं स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. वाशी, नेरूळ, ऐरोलीत नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं आहेत. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, भिवंडीचं इंदिरा गांधी रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती. इतके पेशंट आणि इतक्या प्रकारचे आजार एका जिल्ह्यात क्वचित मिळतात. पण बाहेरच्या संस्थेच्या मुलांना तिथे शिकायला घ्यायचं की नाही, घेतलं तर किती, किती शुल्कात, याचं उघड धोरण हवं. नसेल तर ओळखीपाळखीवर काम चालतं आणि ज्याची ओळख नाही त्याची मुलं खासगी नर्सिंग होममध्ये चहा आणायला उभी राहतात. महापालिकांनी दर जाहीर करावा, मुलांची संख्या बांधून द्यावी, पेशंटची संमती आणि अब्रू सांभाळण्याचे नियम घालावेत. आम्ही ते काटेकोर पाळू.

2016 पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांमध्ये गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं. मशीन येतं, उद्‌घाटन होतं. ते रात्रीच्या शिफ्टला चालवणारा माणूस कुठून येणार? मुरबाडला रेल्वे नाही. तिथली मुलगी एसटीने कल्याणला उतरते, लोकलने ठाणे गाठते आणि ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोलीला येते. शिकून ती परत मुरबाडच्या बाजूला काम करायला तयार असते, कारण तिचं घर तिथे आहे. मुंबईत शिकलेला मुलगा तिकडे जायला सहसा तयार होत नाही. जागा वाटताना जिल्ह्याच्या या बाजूचा विचार व्हावा. ग्रामीण भागातल्या मुलींसाठी वसतिगृहाची सोय करणाऱ्या संस्थेला झुकतं माप मिळालं तर ते योग्यच ठरेल.

आणि एक काम असं आहे ज्यासाठी ना नवा कायदा लागतो, ना निधी. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्याच आठवड्यात स्टेशनबाहेर पत्रकं वाटणारी मुलं उभी राहतात. त्याआधी, म्हणजे एप्रिलअखेर, जिल्हावार मान्यताप्राप्त संस्थांची यादी मराठीत जाहीर करा. संस्थेचं नाव, अभ्यासक्रम, मंजूर जागा, जोडलेलं रुग्णालय, आणि शिकून झाल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होईल, एवढी माहिती त्यात असावी. यादी पंचायत समितीच्या फलकावर लावा, कनिष्ठ महाविद्यालयांत पाठवा, महापालिकेच्या दवाखान्यांत चिकटवा. आमचं नाव त्या यादीत यंदा नसेल तर आम्ही स्वतः पालकांना तसं सांगू आणि त्यांना यादीतल्या संस्थांकडे पाठवू. यंदाची यादी केव्हा येणार, एवढं तरी कृपया कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त डायलिसिस तंत्रज्ञ
कळवा, ठाणे